शिकवायला कोण जातो, शिकून कोण येतो?

१९६१ सालच्या ३० ऑगस्टला पश्चिम आफ्रिकेतील घानाची राजधानी आक्रा येथील विमानतळावर अमेरिकेहून आलेले एक विमान उतरले. त्यातून पन्नासएक तरुण-तरुणी बाहेर पडले. बहुतेक जण नुकतेच विद्यापीठातून बाहेर पडलेले होते. स्वागतासाठी जमलेल्या मंडळींसमोर त्यांनी एक गीत म्हटले आणि तेही इंग्रजीत नव्हे, तर तेथील त्वी भाषेत. अध्यक्ष केनेडी यांनी सहाच महिन्यांपूर्वी, १ मार्च रोजी, एका आदेशाने स्थापन केलेल्या 'पीस कोअर'ची ही पहिली तुकडी होय. घानातील माध्यमिक शाळांत दोन वर्षे शिक्षक म्हणून काम करण्यासाठी ती आली होती.

हे दृश्य हृद्य होते यात शंका नाही. सुखवस्तू देशातील विद्यार्थ्यांनी आपल्या उमेदीची दोन वर्षे एका नवस्वतंत्र, गरीब देशातील मुलांसाठी द्यावीत, त्यासाठी त्यांची भाषा शिकावी, त्यांच्यातच राहावे, या कल्पनेत उदात्ततेचा अंश निश्चित होता. त्या दिवसापासून आजपर्यंत हा ओघ थांबलेला नाही. त्याचे रूप मात्र पार पालटले आहे. दोन वर्षांच्या जागी आता दोन आठवडे आले आहेत. सरकारची जागा प्रवासी कंपन्यांनी घेतली आहे. त्या वेळी शिक्षकांची मागणी घानाच्या सरकारने केली होती. आता ही मागणी कोण करतो, असे विचारले तर समाधानकारक उत्तर मिळत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथील विद्यार्थी हजारोंच्या संख्येने कंबोडिया, नेपाळ, केनिया, घाना, पेरू अशा देशांत जातात, त्यासाठी भरभक्कम शुल्क भरतात, मुलांना इंग्रजी गाणी व मुळाक्षरे शिकवतात, त्यांच्याबरोबर छायाचित्रे काढतात आणि सुट्टी संपली की परत येतात. पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांतील मुलेही अलीकडे अशा पाच-सहा आठवड्यांच्या कार्यक्रमांसाठी परदेशी जाऊ लागली आहेत. त्यामुळे हा प्रश्न केवळ परक्यांचा राहिलेला नाही.

या विद्यार्थ्यांच्या हेतूविषयी संशय घेण्याचे कारण नाही. परंतु समाजव्यवहाराचा विचार करताना हेतू आणि परिणाम यांची गल्लत करून चालत नाही. बाजारात उतरणारा प्रत्येक जण आपापल्या चांगल्या-वाईट हेतूने उतरतो. परिणाम मात्र सर्वांच्या कृतीच्या बेरजेतून ठरतो. ज्या मुलांसाठी हे सारे चालले आहे असे सांगितले जाते, त्या मुलांच्या पदरात या बेरजेतून काय पडते, एवढाच प्रश्न येथे विचारावयाचा आहे.

पहिल्या पिढीचा अनुभव

१९५७ साली स्वतंत्र झालेल्या घानाला शिक्षकांची गरज होती, ही वस्तुस्थिती होती. वसाहतवादी राजवटीने मोजक्या माध्यमिक शाळा मागे ठेवल्या होत्या. शिक्षणाचा झपाट्याने विस्तार करावयाचा, तर आपले शिक्षक तयार होईपर्यंत बाहेरून माणसे आणणे भाग होते. आलेले स्वयंसेवक पदवीधर होते, दोन वर्षे राहणार होते आणि घानाच्या शाळांतच काम करणार होते. या तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत, कारण पुढे त्या तिन्ही सुटल्या.

तरीही ही मदत निर्हेतुक नव्हती. शीतयुद्धाच्या काळात आफ्रिका-आशियातील तरुण मने कोणाच्या बाजूला झुकतात याची चिंता वॉशिंग्टनला होती आणि पीस कोअरच्या जन्मामागे ती चिंताही होती. स्वयंसेवकांना बोलावणाऱ्या क्वामे एन्क्रुमा यांनीच पुढे १९६५ साली नववसाहतवादावरील आपल्या ग्रंथात पीस कोअरची गणना त्या व्यवस्थेच्या हत्यारांत केली. टांझानियाच्या ज्युलियस न्येरेरे यांनी १९६७ साली 'स्वावलंबनासाठी शिक्षण' हे धोरण मांडले आणि १९६९ साली पीस कोअरला तेथून आपला गाशा गुंडाळावा लागला. दहा वर्षांनी तो देश त्यांना पुन्हा बोलावणार होता, हेही सांगितले पाहिजे. कारण प्रश्न परक्यांच्या द्वेषाचा नव्हता, आपल्या शाळेचा कारभार कोणाच्या हाती असावा याचा होता. भारतातही हे स्वयंसेवक १९६१ पासून १९७६ पर्यंत होते. त्यांच्यापैकी सर्वांत प्रसिद्ध नाव म्हणजे लिलियन कार्टर, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या मातोश्री. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी त्या मुंबईजवळ विक्रोळीला आल्या आणि तेथील दवाखान्यात त्यांनी काम केले. त्या प्रशिक्षित परिचारिका होत्या. त्यांच्याजवळ देण्यासारखे काहीतरी होते आणि ते काय आहे, हे त्यांना व दवाखान्याला ठाऊक होते.

या साऱ्या उपक्रमावर सर्वांत जळजळीत टीका केली ती इव्हान इलिच या विचारवंताने. १९६८ सालच्या एप्रिलमध्ये मेक्सिकोतील कुएर्नावाका येथे, उन्हाळी सेवेसाठी मेक्सिकोच्या खेड्यांत जाऊ इच्छिणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्या परिषदेत इलिच यांना बोलावण्यात आले होते. त्यांनी त्या विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितले की, मेक्सिकोत जरूर या, पाहा, शिका, डोंगर चढा, येथील फुलांचा आनंद लुटा. पण मदत करायला म्हणून येऊ नका. ज्या लोकांशी तुम्हाला धड बोलताही येत नाही, त्यांचे भले कशात आहे हे ठरवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता. इलिच यांची भाषा कठोर होती आणि त्यांचा निष्कर्ष एकांगी होता असेही म्हणता येईल. परंतु त्यांनी विचारलेला प्रश्न आज साठ वर्षे होत आली तरी टळलेला नाही.

विशेष म्हणजे, ज्यांनी हे काम गांभीर्याने केले ते अनुभवातून शहाणे झाले. १९५८ साली ब्रिटनमध्ये 'व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज' ही संस्था निघाली, तेव्हा ती शाळा संपवून विद्यापीठात जाण्याच्या मधल्या वर्षातील अठरा-अठरा वर्षांची मुले बाहेर पाठवीत असे. थोड्याच वर्षांत तिने पदवीधर पाठवावयास सुरुवात केली आणि पुढे अनुभवी, प्रशिक्षित माणसांवर भर दिला. सदिच्छा पुरेशी नसते, कसब लागते, हा धडा असा चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच मिळालेला होता. बाजाराने तो पुसून टाकला. बाजाराला शिकवता येणारा माणूस नको होता, शुल्क भरणारा हवा होता.

अनाथ कसे तयार होतात?

या बाजाराचे खरे स्वरूप पाहावयाचे तर कंबोडियाकडे वळले पाहिजे.

१९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूजच्या राजवटीने त्या देशातील शाळा बंद पाडल्या. शिकलेला माणूस हाच शत्रू ठरला. बहुसंख्य शिक्षक मारले गेले, उपासमारीने मेले अथवा परागंदा झाले. १९७९ साली ती राजवट कोसळल्यावर शाळा पुन्हा उघडल्या, तेव्हा ना इमारती होत्या, ना पुस्तके, ना शिक्षक. ज्याला अधिक येते त्याने कमी येणाऱ्याला शिकवावे आणि ज्याला थोडेसे येते त्याने काहीच न येणाऱ्याला, अशा तत्त्वावर ते काम सुरू झाले. चार-दोन इयत्ता शिकलेल्यांनी काही आठवड्यांच्या तयारीवर वर्ग घेतले. व्हिएतनाम व त्याच्या मित्रदेशांची थोडीफार मदत सोडली तर हे काम त्या उद्ध्वस्त लोकांनी आपल्या बळावर केले. संयुक्त राष्ट्रसंघातील कंबोडियाची जागा त्या काळात ख्मेर रूज व त्यांच्या सहकाऱ्यांच्याच ताब्यात होती आणि पाश्चात्य राष्ट्रांची विकासमदत जवळजवळ पूर्णपणे रोखलेली होती. म्हणजे त्या देशातील मुलांना बाहेरच्या शिक्षकांची सर्वाधिक गरज होती, तेव्हा ज्यांच्याकडे शिक्षक होते त्यांनी पाठ फिरवली होती. कंबोडियाच्या शिक्षणाची दुसरी उभारणी ज्यांनी केली त्यांची नावे कोणत्याही प्रवासी पुस्तिकेत सापडणार नाहीत.

१९९१ च्या शांतता-करारानंतर देश खुला झाला. अंकोरची मंदिरे पाहायला पर्यटक येऊ लागले. युद्ध संपून जसजसा काळ लोटला तसतशी अनाथालयांची संख्या घटावयास हवी होती. झाले उलटे. कंबोडियाचे समाजकल्याण खाते व युनिसेफ यांच्या २०११ सालच्या अहवालाने दाखवून दिले की, २००५ ते २०१० या पाच वर्षांत तेथील अनाथालयांची संख्या १५३ वरून २६९ वर गेली. पाच वर्षांत पाऊणपट वाढ! आणि त्यांत राहणाऱ्या मुलांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील, किमान एक तरी, जिवंत होते.

मग ही मुले तेथे आली कशी? बहुतेक गरीब आई-बापांनी ती स्वतःच तेथे नेऊन सोडली. कारण तेथे शाळा मिळेल, इंग्रजी येईल, दोन वेळ पोटाला मिळेल, असे त्यांना सांगण्यात आले. खेड्यातील सरकारी शाळेत शिक्षकाला वेतन पुरत नसे, म्हणून तो मुलांकडूनच रोज थोडे थोडे पैसे घेई. ते पैसेही ज्यांना परवडत नव्हते त्या मातांनी काळजावर दगड ठेवून मुले शहरात धाडली. पर्यटकांच्या गावी, म्हणजे सिएम रीप व नॉम पेन्हला, अनाथालये वाढली. कित्येक ठिकाणी मुलांना पाहुण्यांसमोर नाचावे लागे, रस्त्यावर पत्रके वाटावी लागत. परदेशी विद्यार्थी येत, शुल्क भरत, देणग्या देत. अनाथालय जितके कळकट आणि मुले जितकी केविलवाणी, तितकी देणगी मोठी. मग मुलांची स्थिती सुधारण्यात चालकाचे हित ते काय उरले?

अर्थशास्त्राच्या पहिल्या पाठातला नियम येथे एखाद्या शापासारखा खरा ठरला. मागणी तसा पुरवठा. अनाथांना शिकवू इच्छिणारे ग्राहक वाढले, म्हणून अनाथ तयार होऊ लागले. सदिच्छेची मागणी होती, तिने आई असलेल्या मुलाला पोरके केले. नेपाळमध्येही हेच घडले. तेथील बालगृहांपैकी बहुतांश पर्यटकांची वर्दळ असलेल्या मोजक्या जिल्ह्यांत एकवटलेली आढळली. दुर्गम डोंगराळ भागातून शिक्षणाच्या आमिषाने मुले खाली आणली जात आणि त्यांतील बहुतेकांना आई-वडील असत.

हे आरोप केवळ टीकाकारांचे नाहीत. स्वयंसेवक पाठवणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्याच संसदीय समितीने २०१७ साली आधुनिक गुलामगिरीविषयीच्या अहवालात अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराची दखल घेतली. २०१९ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांविषयीच्या ठरावात अशा स्वयंसेवेतून आणि पर्यटनातून होणाऱ्या शोषणाविरुद्ध पावले उचलण्यास राष्ट्रांना सांगितले. सिडनीतील ज्या विद्यार्थिनीने वाढदिवसाचे पैसे साठवून नॉम पेन्हचे तिकीट काढले, तिच्या हे स्वप्नातही नसेल. परंतु तिच्या त्या तिकिटानेच साखळीची एक कडी पुरी होत असते.

आणि ज्या मुलांना ती शिकवते त्यांचे काय? आईपासून तुटलेल्या बालकाच्या मनावर काय परिणाम होतात हे जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या प्रबंधात मांडले होते. असे मूल नव्या माणसाला चटकन बिलगते. पाहुण्याला वाटते, केवढे हे प्रेम! वस्तुतः ती त्या मुलाची भूक असते. दोन आठवड्यांनी ताई निघून जाते, दुसरी येते. ती पुन्हा पहिल्या मुळाक्षरापासून प्रारंभ करते, कारण आधीच्या ताईने काय शिकवले याची नोंद कोठे नसते. मुलांची एबीसीडी कधी संपत नाही आणि निरोपांचीही सवय होत नाही.

हिशेब कोणाच्या वहीत?

अनाथालयांचे उदाहरण टोकाचे आहे, साध्या शाळेत जाऊन शिकवण्यात काय गैर, असे कोणी म्हणेल. म्हणून साध्या शाळेचाही हिशेब मांडला पाहिजे.

केनियाने २००३ साली प्राथमिक शिक्षण मोफत केले. एका वर्षात १० लाखांहून अधिक नवी मुले शाळेत आली. वर्ग ओसंडून वाहू लागले. परदेशी स्वयंसेवी संस्थांच्या जाहिरातींत 'केनियात शिक्षकांची टंचाई' हे वाक्य झळकू लागले. परंतु टंचाई शिक्षकांची होती काय? १९९० च्या दशकाच्या अखेरीस, वेतनखर्च आटोक्यात ठेवण्याच्या धोरणाखाली, त्या सरकारने नवी शिक्षकभरती गोठवली होती. जे निवृत्त होतील तेवढ्याच जागा भरल्या जात. परिणामी एका बाजूला हजारो जागा रिकाम्या आणि दुसऱ्या बाजूला रीतसर प्रशिक्षण घेतलेले हजारो शिक्षक घरी बसून, अशी विलक्षण अवस्था झाली. अनेक गावांत पालकांनी वर्गणी काढून त्यांच्यातल्याच एखाद्या बेकार शिक्षकाला तुटपुंज्या पगारावर ठेवले. २००७ साली 'ॲक्शनएड' संस्थेने मलावी, मोझांबिक व सिएरा लिओन या देशांविषयी असेच दाखवून दिले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटींमुळे सरकारी वेतनखर्चाला मर्यादा पडल्या होत्या आणि त्यामुळे पुरेसे शिक्षक नेमता येत नव्हते. पुढे नाणेनिधीने अशा मर्यादांचा वापर कमी करण्याचे ठरवले. तथापि कर्जबाजारी देशाचा अर्थमंत्री शाळेकडे पाहण्याआधी कर्जाच्या हप्त्याकडे पाहतो, ही स्थिती पालटलेली नाही.

आता या चित्रात अठरा वर्षांचा परदेशी विद्यार्थी उभा करा. त्याच्या येण्या-जाण्याच्या विमानभाड्यात गावच्या त्या वर्गणीवरच्या शिक्षकाचा अनेक महिन्यांचा पगार निघाला असता. त्याने कंपनीला दिलेले शुल्क वेगळेच. तो शिक्षक मुलांची भाषा जाणतो, त्यांच्या घरी कोण आजारी आहे हे जाणतो, पुढच्या वर्षीही तेथेच असणार आहे. हा पाहुणा यांतले काहीच जाणत नाही. तरीही वर्ग त्याच्या हाती दिला जातो आणि मुलांच्या मनावर ठसते ते हे की, आपला गुरुजी दुय्यम आणि ज्ञान गोऱ्या माणसाच्या हातून येते. हे नुकसान कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. दीडशे वर्षांची वसाहतवादी शाळा जे शिकवत आली तेच हे पुन्हा, फक्त हसतमुखाने.

ज्या राष्ट्रांच्या तिजोऱ्यांतून व ज्यांच्या मताधिक्याने या आर्थिक अटी ठरतात, त्याच राष्ट्रांची मुले फुग्यांची व रंगीत खडूंची पाकिटे घेऊन त्या अटींनी रिकाम्या ठेवलेल्या वर्गात येतात. एका हाताने पगार काढून घ्यावयाचा आणि दुसऱ्या हाताने पाहुणा पाठवावयाचा, असा हा व्यवहार आहे. मुलांचा त्यात दोष नाही. परंतु आपल्या सरकारने या शाळेचे काय केले हे त्यांना कोणी सांगत नाही आणि त्यांनीही विचारू नये, याची पुरेशी व्यवस्था केलेली असते. युनेस्कोच्या अंदाजानुसार २०३० पर्यंत जगाला ४ कोटी ४० लाख नवे शिक्षक लागणार आहेत. त्यांतील सुमारे दीड कोटी सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत. ही भर सुट्टीतील पाहुण्यांनी पडणारी नाही. ती पगाराने, प्रशिक्षणाने आणि सन्मानाने पडेल.

मग विद्यार्थ्यांनी शिकवूच नये काय?

असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. विद्यार्थ्यांच्या हातून शिक्षणाची महान कामे झाली आहेत. १९६१ सालीच, घानात ते विमान उतरले त्याच वर्षी, क्यूबाने एप्रिलपासून शाळा बंद करून एक लाखाहून अधिक विद्यार्थ्यांना खेडोपाडी पाठवले. त्यांत अर्ध्याहून अधिक मुली होत्या. प्रत्येकाजवळ एक झोळी, एक कांबळे, एक कंदील आणि पुस्तके. दिवसा शेतकऱ्याबरोबर शेतात राबावयाचे आणि रात्री त्या कंदिलाच्या उजेडात त्याला अक्षरे शिकवावयाची. वर्षअखेर ७ लाखांवर प्रौढ साक्षर झाले आणि निरक्षरतेचे प्रमाण २३.६ टक्क्यांवरून ३.९ टक्क्यांवर आल्याचे सरकारने जाहीर केले. १९८० साली निकाराग्वात फर्नांडो कार्देनाल या जेझुइट धर्मगुरूच्या नेतृत्वाखाली सुमारे साठ हजार तरुण पाच महिने खेड्यांत राहिले. युनेस्कोने त्या मोहिमेचा गौरव केला.

या मोहिमा निष्कलंक होत्या असे नाही. त्यांची पुस्तके सत्ताधारी पक्षाच्या विचाराने भारलेली होती. निकाराग्वात पुढे यादवीने बरेचसे कमावलेले धुऊन नेले. तथापि एक भेद लक्षात घेतला पाहिजे. तेथे विद्यार्थी आपल्याच देशातील माणसांकडे गेले, त्यांच्याच भाषेत बोलले आणि मोहीम संपल्यावरही त्या माणसांच्या सुखदुःखाशी त्यांचा संबंध उरला. ज्या राज्यव्यवस्थेने शेतकऱ्याला निरक्षर ठेवले होते ती बदलण्याच्या कार्यक्रमाचाच तो भाग होता.

आणि परदेशी जाऊन शिकवण्याचेही एक वेगळे उदाहरण आहे. १९७५ साली अंगोला स्वतंत्र झाला, पोर्तुगीज शिक्षक निघून गेले आणि बहुसंख्य जनता निरक्षर होती. १९७८ पासून क्यूबाने शिक्षक होण्याचे शिक्षण घेणारे आपले विद्यार्थी तेथे धाडले. काही वर्षांत त्यांची संख्या दोन हजारांवर गेली. ते अंगोलाच्या सरकारने मागवलेले होते, अध्यापनाचे शिक्षण घेत होते, त्यांच्याबरोबर अनुभवी शिक्षक होते आणि मुक्काम आठवड्यांचा नव्हता. त्यांच्याही मर्यादा होत्या. अंगोलातील मुलांच्या मातृभाषा त्यांना येत नव्हत्या, देशात युद्ध पेटलेले होते आणि क्यूबाचे राजकारण त्यांच्याबरोबर येतच होते. तरीही रिकाम्या पडलेल्या वर्गात ते उभे राहिले. ज्यांच्या जागी ते उभे होते तो शिक्षक घरी बेकार बसलेला नव्हता. तो अजून तयार व्हावयाचा होता. सारा फरक येथे आहे.

'काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरे' हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. तेथे 'काहीच नाही' ही कल्पना पाहुण्याची आहे. तेथे आई आहे, आजी आहे, वर्गणीवरचा शिक्षक आहे. त्यांना जे हवे आहे ते द्यावयाचे की नाही, हा प्रश्न आहे. दुसरा युक्तिवाद असा की, या अनुभवाने विद्यार्थी घडतात, त्यांची दृष्टी विशाल होते. हे खरे आहे. परंतु मग यात शिक्षण कोणाचे झाले ते प्रामाणिकपणे सांगावे. विद्यार्थ्याने जगाचे ज्ञान मिळवण्यासाठी प्रवास करावा, त्याचे स्वागतच आहे. मात्र दुसऱ्याच्या मुलाने त्याचे पाठ्यपुस्तक व्हावे असा आग्रह धरू नये.

कसोटी साधी आहे. सिडनी, लंडन अथवा पुण्यातील एखाद्या शाळेत अध्यापनाचा गंध नसलेला, मुलांची भाषा न येणारा, पूर्वचौकशी न झालेला एखादा अठरा वर्षांचा ख्मेर तरुण दोन आठवडे वर्ग घ्यावयास आला, तर पालक मान्य करतील काय? जे आपल्या मुलांसाठी मान्य नाही, ते दुसऱ्याच्या मुलांसाठी सेवा कसे ठरते?

ही कसोटी पत्करली की पुढचे नियम आपोआप येतात. मुले जेथे कायम राहतात अशा संस्थांत अल्पकाळाचे स्वयंसेवक पाठवणे विद्यापीठांनी ताबडतोब थांबवावे. शाळेत जावयाचे तर त्या शाळेची वा तेथील शिक्षकांची मागणी असली पाहिजे, निदान वर्षभराची तयारी हवी, भाषा शिकलेली हवी आणि जागा स्थानिक शिक्षकाच्या हाताखालची हवी, त्याच्या जागेवरची नव्हे. ज्यांना एवढा वेळ नाही त्यांनी ते पैसे तेथील मुलांना घरीच, आईजवळ ठेवून शिकवणाऱ्या कामांना द्यावेत आणि आपल्या देशात राहून कर्जाच्या अटींविरुद्ध आवाज उठवावा. ते काम अधिक कष्टाचे आहे आणि त्याची छायाचित्रे निघत नाहीत. शिवाय ही वाहतूक एकेरी का असावी? ज्या विद्यापीठाचे विद्यार्थी कंबोडियात जातात त्याने तेथील दोन शिक्षकांना बोलावून आपल्या विद्यार्थ्यांपुढे उभे करावे. शून्यातून शाळा कशी उभी राहते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक आहे?

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना तर हे सांगण्यासाठी दूर जावे लागू नये. १९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली ती याच हेतूने. दर दिवाळीनंतर आई-बापांबरोबर ऊसतोडणीला जाणारी आणि त्यामुळे शाळेबाहेर पडणारी मुले याच राज्यात आहेत. त्यांची भाषा आपल्याला येते, आणि ती मुले शाळेबाहेर का आहेत हेही आपल्याला ठाऊक आहे. त्याचा जाब कोणाला विचारावयाचा तेही. परदेशी जाण्याचे आकर्षण कदाचित याचसाठी असते, की तेथे जाब विचारावा लागत नाही.

आक्राच्या विमानतळावरील त्या पहिल्या तुकडीविषयी एवढे म्हणता येईल की, तिने शिकवण्याआधी निदान एक गीत शिकून घेतले होते आणि दोन वर्षे राहण्याची तयारी ठेवली होती. आज त्याहून कमी तयारीने जे निघतील, त्यांना निरोप देण्याऐवजी थांबवणे हेच त्यांच्या शिक्षकांचे, विद्यापीठांचे आणि पालकांचे कर्तव्य ठरते.